मंग पाहू

शनिवारची सकाळची शाळा. आठवी, पट एकोणीस,
हजर अकरा. बाकीचे तुरीच्या कापणीला.
फळ्यावर लिहिलं, लुक आफ्टर,
आणि म्हटलं, सांगा.

आचल उईके उभी झाली.
"लुक म्हंजे पाह्यनं, सर. आफ्टर म्हंजे मंग.
लुक आफ्टर म्हंजे मंग पाहू."

वर्ग हसला. मीही हसलो, थोडा उशिरा.
मग समजावलं, की इंग्रजीत क्रियापदाच्या मागे
एक बारका शब्द जोडतात,
आणि मागचा डबा बदलला
की गाडीच दुसऱ्या गावाला जाते.
लुक फॉर म्हणजे हरवलेलं शोधणं.
लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. लिहून घ्या.
अकरा जणांनी लिहून घेतलं.

दुपारी गाडी पंक्चर, म्हणून नाल्याच्या वाटेनं पायी निघालो.
पुढे तेरा बकऱ्या, मागे आचल,
अंगावर अजून शाळेचाच ड्रेस.
बाभळीखाली शेंगांचा सडा, बकऱ्या तुटून पडलेल्या,
लंगडी पाठ सगळ्यांत शेवटी
आणि ही तिच्याही मागे.
भाकर फडक्यात, कमरेला बांधलेली तशीच.
"जेवली नाहीस?"
"याह्यचं होऊ द्या ना, सर. माह्यं मंग पाहू."

आफ्टर म्हणजे मागेसुद्धा,
हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं.

खिशात आर्वीहून बहिणीचे तीन मिस्ड कॉल.
बाबा जिनिंगच्या काट्यावर होते अठ्ठावीस वर्षं.
बंडी आत वळली की नुसतं बघून
किती क्विंटल ते सांगायचे.
आता चहाचा कप चाचपत शोधतात.
मोतीबिंदूची तारीख दिवाळीपासून मीच ढकलतोय.
चाचणी होऊ दे, ट्रेनिंग होऊ दे,
बदलीचं काय ते कळू दे,
मंग पाहू.

आणि आमच्या बोलीत तर
तो मागचा डबाही लागत नाही.
"म्हाताऱ्याले कोण पाह्यते?"
एवढं विचारलं की सगळं विचारून होतं.
वाट पाहणं त्यातलंच,
अंत पाहणंही.

फोन लावला. बाबांनीच उचलला,
नाव न वाचता.
"कोन?"
"मी. सोमवारी येतो. दवाखान्यात जाऊ."
"अन् शाळा?"
"मंग पाहू."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
इकडे नाल्यात आचल त्या पाठीला
तोंडाला येईल ते बोलत होती,
आणि बोलता बोलता
तिला खांद्यावर घेऊन काठ चढत होती.