वॉइड

महापेला, एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीच्या मागच्या अंगाला
तिसऱ्या मजल्यावर बसून मी अमेरिकेच्या पावत्या वाचते.
नऊ तास. मध्ये दोनदा चहा.

तिकडची माणसं सामान घेतात, पावतीचा फोटो काढतात,
कुठल्याशा ॲपला पाठवतात, पॉइंट मिळतात म्हणून.
बऱ्याच पावत्या साठल्या की एक कॉफी फुकट, असं काहीतरी.
फोटो धूसर असला की मशीन हात टेकतं
आणि पावती माझ्याकडे येते.

म्हणजे माझ्या वाट्याला
गाडीच्या सीटवर, मांडीवर, घाईत काढलेले,
चुरगळून पुन्हा सरळ केलेले कागद.
एकावर केचप.
एकाच्या कडेला अंगठा,
नखाचा निळा रंग अर्धा उडालेला.

दूध मी दुधात टाकते, साबण साबणात.
अमेरिका पाहिली नाही, पण मला विचारा
ऑक्टोबरात तिकडे भोपळा कशाकशात घालतात:
कॉफीत, मेणबत्तीत, कुत्र्याच्या बिस्किटात.
आमच्याकडे घारगे झाले की भोपळ्याचा विषय संपतो.

महिन्याच्या सुरुवातीला पावत्या हातभर लांब येतात.
वीस तारखेनंतर आखूड.
पाव, अंडी, नूडल्सची सहा पाकिटं.
पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली.
तळवलीला आप्पांचं दुकान होतं तेव्हाची
उधारीची लाल वही अशीच चालायची,
वीस तारखेनंतर नुसतं मीठ आणि काडेपेटी.
मला वाटलं होतं, तो आमच्या गल्लीचा हिशोब आहे.

जोएल सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
ज्या ओळीपुढे वॉइड, ती टाइप करायची नाही.
काउंटरवर पोचल्यावर नको म्हटलेली वस्तू ती.
विकली गेली नाही. आपल्या लेखी ती नाहीच.

मी टाइप करत नाही. वाचते मात्र.
स्ट्रॉबेरी, वॉइड.
वाढदिवसाचं कार्ड वॉइड, मेणबत्त्या राहिल्या.
तापाचं औषध, मोठी बाटली वॉइड,
तिच्याखाली छोटी.
एकीनं डायपर काढले, परत घातले,
मग शाम्पू काढला.
मागे रांग असणार. रांगेत कुणीतरी
ऐकू जाईल असा श्वास सोडला असणार.
हे सगळं पावतीवर नसतं. पण चार ओळींत
तीनदा मन बदललेलं दिसतं.

परवा घणसोलीच्या डी-मार्टमध्ये
माझंच बिल एकशेऐंशीनं वर गेलं.
मी म्हटलं, बदाम काढा.
पोरगा तीन काउंटरांना ऐकू जाईल असा ओरडला,
सर, इथे एक कॅन्सल!
सर आले, गळ्यातलं कार्ड लावून गेले.
बदाम एका टोपलीत पडले, तिथे आधीच
एक फेसवॉश होता
आणि लहान मुलाच्या चपलांचा जोड.

रिक्षाच्या रांगेत उभं राहून पावती उलगडली,
ती ओळ शोधली.
नव्हती.
आपल्याकडे तेवढंही छापत नाहीत.

काल एक पावती आली, ओहायोची की कुठली,
उन्हात धरलेली, अर्धी पांढरी पडलेली.
दूध, पाव, मांजराचं खाणं.
स्ट्रॉबेरी, वॉइड.
मी दूध टाकलं, पाव टाकला, मांजराचं टाकलं,
आणि फळांत जाऊन एक स्ट्रॉबेरी टाकली.
पाच पॉइंट.

आज क्वालिटीतल्या हेमांगी मॅडमनी बोलावलं.
तुझी अशी चूक कधी होत नाही गं, म्हणाल्या.
स्क्रीन माझ्याकडे वळवली. लाल चौकट.
या महिन्याचा इन्सेंटिव्ह जाईल, माहीत आहे ना?

हो मॅडम, म्हटलं.
फोटो धूसर होता.