टवका

बत्तीस वर्षं सौद्यात उभा राहिलो,
शाहूपुरीच्या मार्केट यार्डात.
रवा समोर आला की आधी बोट लावायचं,
मग चाकूच्या टोकानं एक टवका,
तो दाढेखाली धरायचा.
विरघळेपर्यंत अडत्यानं बोलू नये,
हे मला भूपाल चौगुल्यांनी शिकवलं.

मग विचारायचं:
गुऱ्हाळ कुणाचं? गुळव्या कोण?
ऊस कुठल्या पाण्याचा? काईल कधी धुतलेली?
आणि उत्तर देताना माणूस कुठं बघतो
तेही बघायचं.

पिवळाधमक रवा दिसला की
नवखे व्यापारी पुढं सरकायचे.
मी मागं.
इतका पिवळा रंग उसात नसतो, पावडरीत असतो.
चांगला गूळ जरा काळपटच,
काहीतरी कबूल केल्यासारखा.

आणि तोच मी.
दिवाळीच्या तोंडावर मोबाईलवर आलं:
शुगरवाल्यांनो, गोळ्या फेका.
सकाळी गुळाचा खडा, वर मेथीचं पाणी, एकवीस दिवस.
मोठ्या डॉक्टरांचं संशोधन आहे,
कंपन्या हे तुम्हाला कळू देणार नाहीत.

डॉक्टरांना नाव नव्हतं.
गाव नव्हतं, साल नव्हतं.
मी टवका काढला नाही.
आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गुळाची बाजू घेत होतं,
आणि मला ते गोड लागलं.

सतराव्या दिवशी नवी चप्पल अंगठ्याला चावली.
मला कळलंच नाही.
सुलोचनाला पायपुसण्यावर डाग दिसला.

सीपीआरमध्ये पट्टी बांधता बांधता
अल्फिया सिस्टरनं विचारलं, "काका, गोळ्या कुणी बंद केल्या?"
मी मोबाईल पुढं केला.
ती हसली नाही. रागावलीही नाही.
शेवटपर्यंत वाचून एवढंच म्हणाली,
"हे लिहिलंय कुणी?"

माझाच प्रश्न.
बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडावर टाकलेला.

तेव्हा कुठं तो फोटो बोटांनी मोठा केला.
शंभर टक्के सेंद्रिय, असं वर लिहिलेलं,
आणि खाली रवा:
पिवळाधमक. हायड्रॉस मारलेला.
लांबून, अंधारातसुद्धा ओळखला असता.
त्याच्याही खाली, जिथं माझं बोट कधी पोचलंच नव्हतं,
एक नंबर आणि चूर्णाची डबी, आठशे रुपये.

सिस्टरनं हातात एक कागद दिला,
पाय कसे जपावेत त्याचा.
आता मी त्यालाही सोडलं नाही. म्हटलं, हे कुणी लिहिलं?
तिनं तळाशी बोट ठेवलं:
खात्याचं नाव, महिना, साल,
आणि बारीक अक्षरात,
"प्रत्येकाची तब्येत वेगळी. शंका असल्यास विचारा. चूक आढळल्यास कळवा."
ही ओळ मला काळपट वाटली.
घरी आणून कागद देव्हाऱ्याशेजारी नाही,
गोळ्यांच्या डब्याला चिकटवला.

पण तो मेसेज मी अकरा जणांना पाठवला होता,
वर हात जोडलेले.

पट्टीचा पाय स्टुलावर ठेवून एकेकाला फोन लावतोय.
वडणग्याचा दस्तगीर म्हणाला,
"आता काय उपयोग? माझ्याकडनं साठजणांकडं गेला."
कागलचा साडू खवळला,
"तुला रं काय कळतंय त्यातलं? तू गुळाचा माणूस."
म्हटलं, म्हणून तर सांगतोय.
एकीनं उचलला, ऐकलं, आणि
तिनं गोळ्या थांबवल्याच नव्हत्या.
"तुमचं मन राखायला अंगठा दाखवला होता," म्हणाली.

शेवटचा निपाणीचा बाबगोंडा.
त्याची साखर माझ्यापेक्षा जास्त,
आणि माझ्यावर विश्वासही.
काल वाजून बंद झाला. आज सकाळीही.

आता परत लावलाय.
वाजतोय.