वरच्या फळीवर

नेश्काबाईंनी आधी हातमोजे दिले,
मग कात्री, मग दम:
"जुनी पानं बुडापासून काप, डिसेंबर सरायच्या आत.
काळे डाग पडलेली खतात टाकशील तर बघ,
पुढच्या वर्षी रोग पुन्हा बिऱ्हाड करील."

मी रेल्वेतून निवृत्त. एकतीस वर्षं रुळांचे बोल्ट तपासले.
फूल म्हणजे मला फलाटावरची कुंडी.
पण शेजारच्या बाई एकट्या, गुडघ्यांनी टेकीला आलेल्या,
आणि कुंपण दोघांचं एकच.

इथे त्याला तेलोह म्हणतात,
बियांच्या पाकिटावर हेलेबोर.
पांढरा दगडी भिंतीच्या पायाशी,
जांभळा आलुबुखारच्या झाडाखाली,
जिथे क्र्का नदीचं धुकं दुपारपर्यंत हलत नाही.
"याला हलवलेलं खपत नाही," त्या म्हणायच्या,
"जागा बदललीस की दोन वर्षं रुसतो.
आणि बी टाकलंस तर तीन हिवाळे वाट बघ."
एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांनी बी टाकलं.
मी काही बोललो नाही.

जानेवारीत, उणे बाराच्या सकाळी,
सगळी झाडं भुईवर लोळत होती
उकडलेल्या पालेभाजीसारखी.
गेली, असं वाटून मी दार ठोठावलं.
त्या खिडकीतूनच म्हणाल्या, "दहा वाजू दे."
दहाला ऊन भिंत उतरून आलं
आणि एकेक देठ उठला,
आजारी माणूस कोपरावर भार देऊन उठतो तसा.

जांभळ्याचं तोंड मात्र दिसायचं नाही.
शिक्षा झालेल्या पोरासारखी मान खाली.
बाई एप्रनच्या खिशातून गोल आरसा काढायच्या,
नवऱ्याचा, दाढीचा,
फुलाखाली धरायच्या:
"बघ, आतले केसर भिजू नयेत म्हणून
स्वतःचीच छत्री केलीय."
आरशात पिवळे केसर, आतून उडालेले शिंतोडे,
आणि माझं नाक.

पुढच्या शरदात त्या पडल्या.
नोवो मेस्तोचा वृद्धाश्रम, तिसरा मजला,
रेडिएटर रात्रंदिवस तापलेला,
बंद करायची चावी कुणाकडेच नाही.

फेब्रुवारीत मी जांभळा खणला,
हातभर खोल, मुळांच्या काळ्या दोऱ्यांसकट,
उंच कुंडीत भरला
आणि बसमध्ये मांडीवर घेऊन गेलो.
चौथ्या दिवशी पाकळ्या कागदासारख्या.
रात्रपाळीचा मातेव्झ म्हणाला, "घामाघूम झालंय हो ते.
मागच्या जिन्याला लोखंडी सज्जा आहे."
मग दहाला कुंडी बाहेर, सातला आत, रोज.
वहीत तो लिहायचा:
खोली ३१४, एक झाड, बाहेर.

खोलीत जागा नव्हती.
मेजावर औषधं, खिडकीत दुसऱ्या बाईंचा रेडिओ.
उरली कपाटावरची फळी.
एवढ्या उंचावर काय दिसणार, मी पुटपुटलो,
आणि तरी ठेवली.

नेश्काबाई उताण्या. मान वळत नव्हती.
त्यांनी वर पाहिलं,
फुलांनी खाली.
उजवा हात चादरीवर काहीतरी चाचपू लागला,
कमरेपाशी, जिथे एप्रनचा खिसा असायचा.
मग थांबला.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
रेडिओवर बर्फाचा अंदाज सांगत होते.
"देठावर मावा पडलाय," त्या शेवटी म्हणाल्या,
"पुसून काढ. आणि हातमोजे कुठेत तुझे?"

मार्चात जांभळा परत जागेवर लावला.
दोन वर्षं रुसेल. रुसू दे.
बियांच्या ट्रेत दोन-दोन पानं आलीत,
आणि काही भलतीकडेच, कुंपणाच्या माझ्या बाजूला,
मुंग्यांनी कधीतरी ओढून नेलेल्या बियांची.
ती मी मोजली. अकरा.
रविवारी बाईंना आकडा सांगणार आहे.
तिसरा हिवाळा अजून यायचाय.