चूक सुधारणारी मेमरी

तपकीर गल्लीत फुलफगर म्हणाला,
घरच्याच फायली ना? साधी रॅम बसवा,
जुना डबा चालतोय, दोन डिस्क टाका आरशासारख्या,
उरल्या पैशात यूपीएस घ्या,
गुरुवारी लाइट जातेच.

मी हटून बसले.
ईसीसीच हवी. शून्याचा एक झाला
तर जागच्या जागी दुरुस्त करणारी.

ऑफिसचा हिशेब आहे का?
नाही.

आईचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे,
शेवटच्या महिन्यातलं.
त्यात ती मला सारखी
वत्सू म्हणते.
तिची बहीण, सातवीत असताना गेलेली.
मी दर वेळी ओ देते.

ती चूक
एका बिटानंही सुधारता कामा नये.

फुलफगरनं कॅल्क्युलेटर पुढे सरकवला.
अठरा टक्के जीएसटी वेगळा.