अडीचकी

नॅशुआ, फेब्रुवारी एक्क्याण्णव.
फावड्याने सारलेला बर्फ गाडीच्या टपापर्यंत,
आणि मी टेबलावर संगणक उघडा करून बसलेला.
बोटांत अडुसष्ट पायांची चिप,
मिलफर्डच्या जुन्या बाजारातून नव्वद डॉलरला आणलेली.
प्रोसेसरशेजारची खोबण
पहिल्यापासून रिकामी होती.
मला वाटायचं, तिच्यापायीच खिडक्या रखडतात.

ठिपक्याला ठिपका जुळवला, अंगठ्याने दाबली.
बोर्ड कुरकुरला.
विंडोज सुरू केलं.
वाळूचं घड्याळ
तसंच उभं.

आप्पांनी मफलर सावरत विचारलं, "काय करतं हे?"
अपूर्णांकांचे हिशेब. वर्गमुळं, ज्या-कोज्या.
"आणि खिडकी उघडायला काय लागतं?"
ते मला सोमवारी डेनिस लाफ्लामने सांगितलं:
खिडकीची कड एकशे बाराव्या ठिपक्यावर असते
किंवा एकशे तेराव्या.
मध्ये कुठेच नाही.
सगळा कारभार पूर्णांकात.
मेमरी वाढव म्हणाला, डिस्कवरच्या खेपा तरी वाचतील.

"म्हणजे त्याला कुणी विचारतच नाही,"
आप्पा म्हणाले,
आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले.
काचेच्या.

जिल्हा बँकेत सदतीस वर्षं खातेवह्या.
इथे आम्ही दोघं कामावर, ऋजुता शाळेत,
फोन वाजला तर घ्यायचा नाही, असं ठरलेलं.

शनिवारी गालिचाचा पट्टा घ्यायला गेलो,
तेरा फूट लांब, अडीच रुंद.
दुकानातली मुलगी कॅल्क्युलेटर शोधत होती,
मी खिसे चाचपत होतो.
"साडेबत्तीस," मागून आवाज आला.
मग भाव विचारून घेतला, सव्वातीन डॉलर,
डोळे किंचित मिटले,
"एकशे पाच. वर साडेबासष्ट सेंट."
मी इंग्रजीत सांगितलं. ती हसली.
अर्ध्या सेंटचं नाणं तिच्या गल्ल्यात नव्हतं,
यंत्राने तो वर ढकलला.
आप्पांना ते आवडलं नाही. गाडीत बसेपर्यंत
पावती हातात धरून होते.

रात्री मी घराच्या कर्जाचा तक्ता उघडला,
तीनशे साठ हप्ते, व्याज पावणेदहा टक्के.
खिडकी यायची तेवढ्याच सावकाश आली.
पण आकड्यांचा रकाना
एका दमात खालपर्यंत भरला.
आप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला.

"थांब," म्हणाले,
"एकशे एकोणिसावी ओळ
पुन्हा दाखव."