चादरीची उलटी बाजू

विडी घरकुल, दुसरीचा वर्ग, मार्चमधली दुपार.
टॅब एकच. काचेला तडा गेलेला,
पोरं त्या तड्याला सीना नदी म्हणतात.
पोरं सव्वीस. बॅटरी अकरा टक्के.
पंखा सकाळपासून नुसता लटकलेला.

खेळ सोपा होता.
वर चौकोनांची एक नक्षी, लाल-पांढरी,
खाली बोटानं तशीच मांडायची.
जमलं की टाळ्या वाजतात, एक चांदणी मिळते.
चुकलं की टॅब 'टुंग' करतो
आणि पोराचं तोंड एवढंसं होतं.

तौसीफ बागवानला नऊ चांदण्या.
कसं ओळखलंस रे?
म्हणाला, बाई, टुंग झालं की दुसरं दाबायचं.
मी कपाळावर हात मारून घेतला.
पण खोटं कशाला बोलू,
अकरा वर्षं मीही असंच शिकवत आले,
फक्त टुंगच्या जागी माझा आवाज होता.

मग लावण्या मेरगू बसली.
लाल तिथे पांढरा, पांढरा तिथे लाल.
टुंग.
पुन्हा तेच. टुंग.
तिसऱ्यांदाही तेच, हट्टानं नाही, मन लावून.
अगं, नक्षीकडे बघ की.
बघूनच केलंय, बाई. ही मागची बाजू आहे.
कशाची?
ती उठली, आणि आम्ही सगळे ज्यावर बसलो होतो
त्या जुनाट चादरीचा कोपरा तिनं उलटला.

वर लाल मोर, पांढऱ्यावर.
खाली पांढरा मोर, लालवर.
जूनपासून आम्ही त्याच मोरावर बसून
पाढे म्हणत होतो.

एंदुकु? मागून कुणीतरी विचारलं.
याके? कायकू?
एका 'का'ला आमच्या वर्गात चार तोंडं आहेत.
माझं तोंड त्या दिवशी मी मिटून ठेवलं.

रंग खाली गळला असंल, बसू कोटाने म्हणाला.
मग खालीबी लालच झालं असतं की, तौसीफ म्हणाला,
नऊ चांदण्यांचा तौसीफ, पहिल्यांदा न दाबता.
दोन चादरी चिकटवल्यात.
मग सोलून बघू.
मोराच्या पोटाला एक भोक होतंच,
त्यात पेन्सिल घातली. ती आत सरकली,
सरकत गेली, आणि मोराच्या कडेला येऊन अडली.
बाई, मोराच्या पोटात जागा हाय!

मग टॅबच्या कॅमेऱ्यानं ती कड मोठी करून पाहिली,
सव्वीस डोकी एका काचेवर.
दोरखंडाएवढा लाल धागा खाली बुडतो
आणि पांढरा वर येतो.
बरोब्बर तिथंच.
त्याला कोण सांगतं, आता बुड म्हणून?
टॅबनं टाळी वाजवली नाही, टुंगही केलं नाही.
तो बंद पडला.

संध्याकाळी तक्ता भरला. रकाना एकच, चांदण्या.
लावण्यापुढे शून्य घातलं.
दुसरं काही घालायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती नानांच्या मागाचा
एक फाटका पुठ्ठा घेऊन आली, भोकाभोकांचा.
भोक असलं की धागा वर, नसलं की खाली,
नाना म्हणतात, मोर ह्याच्यातच असतो.
पुठ्ठा तिनं पेटलेल्या टॅबवर ठेवला.
भोकाभोकातून उजेड वर आला.
बराच वेळ बघत राहिली.
बाई, टॅबच्या पोटातपण पुठ्ठे असतात का?

मी हो म्हणाले. मग तसं नाही म्हणाले.
मग म्हणाले, मला नीट माहीत नाही गं.
वर्ग गप्प. बाईंना माहीत नाही
ही त्यांच्यासाठी मोरापेक्षा मोठी बातमी.

तेवढ्यात तौसीफ पेन्सिल घेऊन
सीना नदीच्या दिशेनं सरकायला लागला.
मी टॅब उचलून छातीशी धरला.