एक जायचं-यायचं, एक नुसतं जायचं

खिडकीतल्या अमारोला म्हटलं, दोन दे.
एक जायचं-यायचं,
एक नुसतं जायचं.
त्यानं मान वर केली नाही.
या रस्त्याला अशी तिकिटं रोज फाटतात.

तीन दिवसांपूर्वी येऊन गेले होते तुझ्या थडग्याशी,
छत्रीच्या टोकानं तीनदा ठोकलं होतं,
एलादियो, आठ तारखेला साडेनऊची बस आहे,
दाढी राहू दे, नुसता ये.

जिवंतपणी जो गेला नाही तेइशिदोच्या सान आंद्रेसला
त्याला मेल्यावर जावंच लागतं,
पाल होऊन, बेडूक होऊन, पोटावर सरपटत.
आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे.
तू मात्र चाळीस वर्षं गोदीत जहाजांना पत्रे ठोकलेस
आणि म्हणत राहिलास, रिटायर झालो की जाऊ.
झालास. मग गुडघा. मग वर्ल्डकप.
मग तो खोकला.

मेल्या, म्हणायचे मी तुला उठता-बसता.
केवढा गोड शब्द होता तो,
तू खरंच मरेपर्यंत.

सेदेइराला बस गच्च भरली.
दिवस भरत आलेली एक पोर, दांड्याला धरून उभी,
तुझ्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळत होती.
बसमधल्या सगळ्यांना माहीत होतं ती रिकामी नाही.
ऊठ, म्हटलं तुला, ऊठ एलादियो,
माझ्या मांडीवर बस.
शेवटी शेवटी न्हाणीत न्यायचे उचलून
तेव्हाच तू अर्ध्या पोत्याएवढा उरला होतास,
आता कसला भार.
पोर बसली. तिच्या बोटांना संत्र्याचा वास होता.
चालेल ना त्यांना, तिनं हळूच विचारलं.
म्हटलं, चालेल. तो तसाही बाहेरच बघतो.

शेवटची उतरण पायी.
निलगिरी संपतात, मग नुसता वारा
आणि कड्यावर पाठ फिरवून उभे घोडे.
जो तो आपापल्या माणसाशी बोलत चाललेला.
एक म्हातारा बायकोला गाईंचा हिशेब देत होता,
दोघी बहिणी आईशी भांडत होत्या, जमिनीवरून,
आणि मध्येच थांबून तिचं ऐकूनही घेत होत्या.
भिंतीवर एक शेपूट तुटलेली पाल.
मी पाय उचलून पुढे टाकला.
कोण जाणे कुणाचा कोण,
बिनतिकिटाचा आलेला.

देवळात मेणाचे हात, मेणाचे पाय,
छताला टांगलेलं एक लाकडी जहाज.
तू असतास तर म्हणाला असतास, सुकाणू चुकलंय.
पाद्रीबाबांनी नावं वाचली, तुझंही वाचलं,
आणि मला रडू आलं नाही.
प्रार्थनेचे शब्द ओठांवर आपोआप चालले होते,
जशी मी विणता विणता टीव्ही बघते.
झऱ्यात पावाचा तुकडा टाकायचा,
तरंगला तर मागितलेलं मिळतं.
टाकल्यावर ध्यानात आलं,
मागायचं काय ते ठरवलंच नव्हतं.
तो तरंगत राहिला, उगाच.

दगड ठेवायचा राहिलाच होता.
परतताना राशीपाशी वळले.
शेवटच्या दिवशी हे दगड बोलतील म्हणतात,
कोण आलं होतं, कोण नाही.
पर्समधून काढला तुझा तो मुतखडा,
फेरोलच्या इस्पितळात काढलेला, हरभऱ्याएवढा,
जो तू औषधाच्या बाटलीत घालून
पाहुण्यांना कॉफीबरोबर दाखवायचास
आणि मी लाजेनं स्वयंपाकघरात जायचे.
वाटेवरचा दगड काय, कुणाचाही.
हा तुझ्या आतून आलाय,
रात्र रात्र तुला गुरासारखं ओरडायला लावून.
हा खोटी साक्ष द्यायचा नाही.

ठेवला, आणि लगेच दिसेनासा झाला
त्या एवढाल्या धोंड्यांत.
वर अमारो हॉर्न वाजवत होता.
एकच तिकीट होतं आता हातात,
आणि मी तिथंच उकिडवी बसून
बोटांनी चाचपत होते, मेल्या,
नक्की ठेवला कुठे.